चढलेल्या समुद्रातली वाळू

आमचे काका समुद्रतळाच्या गाळाचे अभ्यासक. हट्टी इतके, की काकूने त्यांच्याशी वाद घालणं केव्हाच सोडून दिलं. त्यांचं म्हणणं एकच. समुद्राची पातळी उतरली की नद्या थेट खोल उताराच्या तोंडाशी पोचतात आणि त्यांची वाळू तळाशी पंख्यासारखी पसरते. पातळी चढली की वाळू किनाऱ्याजवळच अडते, खाली जातो तो नुसता चिखल. हेच त्यांनी जन्मभर शिकवलं आणि त्यावरचं त्यांचं पुस्तक आता छापायला जाणार होतं. मलाही त्यांनीच शिकवलं. बाबा गेल्यावर वाढवलंही त्यांनीच.

आणि नेमकी मीच त्यांच्या मुळावर उठले. तळातून काढलेल्या गाळाच्या नळीत, समुद्र चढलेला असतानाच्या थरात, मला चांगली जाड वाळू सापडली. सोबत दमट रानातल्या झाडांचे परागकण. म्हणजे तेव्हा पाऊस असा कोसळत होता, की नदीच्या पुरांनी चढलेल्या पातळीला जुमानलंच नाही.

काका भडकले. "तुकडा उलटा ठेवला असशील! खालची वाळू वर आली, दुसरं काय?"

नळी कापून तिचे तुकडे मांडताना अशी चूक आमच्याकडे होते, आणि त्या तुकड्यावरची, वरची बाजू दाखवणारी बाणाची खूण पुसली गेली होती. खरं सांगते, तो उलटाच निघावा असं मला मनापासून वाटत होतं.

काका भिंग घेऊन टेबलावर वाकले. खालच्या टोकाची चिमूट त्यांनी बोटांत चोळली, वरच्या टोकाची दातांखाली धरून पाहिली. पाण्यातून आलेल्या गाळात जड कण आधी बसतात, बारीक मागाहून. खाली भरड, वर मऊ लागलं, तर तुकडा सुलटा. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"सुलटा आहे," ते म्हणाले.

चूळ भरून आले आणि त्यांनी काकूला फोन लावला. काकूचा आवाज फोनबाहेरही खणखणीत ऐकू येतो.

"पुस्तक थांबवतोय," काका म्हणाले.

"आता काय झालं?"

"चुकलंय ते."

हा शब्द काकूने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"कोण म्हणतं चुकलंय?" तिने जरा रागानेच विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"आपली पोर," ते म्हणाले. "आपली पोर म्हणते."