पुढची खोली

नलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेच्या रांगेत उभी होते. नंबर सोडला नाही. काम उरकूनच महागावला गेले. नलूला ते पटलं असतं. अर्ध्यात सोडलेलं तिला काहीच चालायचं नाही... नाच तर नाहीच.

शाळेपासूनची माझी ही मैत्रीण घराच्या पुढच्या खोलीत भावनृत्य शिकवायची. गाण्यातलं सुखदुःख अंगभर वाहू द्यायचं. ठुमका नाही, ठेका नाही. सुरुवातीला पोरींच्या आया विचारायच्या, "मॅडम, हे पोरगी नुसती हात लांब करून राह्यली, नाच कधी सुरू होते?" तिचे यजमान वामनराव धान्याचे व्यापारी. शंका त्यांनाही तीच, शिवाय ती खोली त्यांना सोयाबीनसाठी हवी. "तुह्या नाचाले खोली कायले पायजे? पोते का डोक्यावर ठेवू?" शेवटी ठरलं, गणपतीच्या कार्यक्रमात नलूने नाचून दाखवायचं. लोकांना कळलं तर खोली तिची, नाही तर पोत्यांची.

लेकीला निरोप देणाऱ्या आईचं गाणं होतं. शेवटाकडे नलू थरथरत हळूहळू जमिनीवर आली आणि तशीच पडून राहिली. तेवढ्यात वामनराव स्टेजवर चढले, पायातली चप्पल काढली आणि फीट आलेल्या माणसाला हुंगवतात तशी तिच्या नाकाला लावली. "कांदा आणा बे कोणी." नलू डोळे मिटूनच म्हणाली, "सरका बाजूले, गाणं बाकी आहे." माइक शेजारीच होता, सगळ्या मंडपाने ऐकलं आणि हसून घेतलं.

घरी जाताना मी चिडवलं, "भाऊजी, नाच काही कळला नाही ना?"

"कळला म्हणून तं धावलो," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी खोली तिला मिळाली.

नलू गेल्यानंतर काही महिन्यांनी, परवा पुन्हा महागावला गेले तेव्हा सोयाबीनचा हंगाम भरात होता. खोली आता भरली असणार, असं मी धरूनच चालले होते. पोती ओसरीत होती, स्वयंपाकघराच्या दारात होती, वामनरावांच्या पलंगाला चिकटून होती. खोलीत मात्र पोरी नाचत होत्या आणि दाराशी खुर्ची टाकून वामनराव.

"शिकवतं कोण?"

"मोठ्या पोरी लहानींले शिकवतात. मी नुसता बसतो, ताई."

इतक्यात एका पोरीने हात खाली आणला. वामनराव उठले. "तसा नाही बाई. हात टाकाचा नसते, सोडाचा असते." आणि जन्मभर पोती उचललेला तो जाडजूड हात त्यांनी खांद्यापासून हळूच सोडला... पार बोटांपर्यंत.

मनगट अजून जरा ताठ आहे. पण सुटेल.