दुखणं लपवायचं नाही

कुसुमताई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या दुरुस्तीच्या दुकानात विहिरीवरची एक जळलेली मोटार माझ्यासमोर उघडी पडली होती आणि हातात तांब्याची तार होती. यवतमाळच्या दवाखान्यातून त्यांचा मुलगा आनंद बोलत होता. "काका, आई गेली," एवढंच म्हणाला. मी तार खाली ठेवली. माझ्या कारागिराला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्यानं न विचारता शटर अर्ध्यावर ओढलं. बाहेर येऊन पाहतो तर बातमी आधीच पोचलेली; शिलाईचं दुकान, पानठेला, वेल्डिंगवाला, सगळेच आवरत होते. नेरच्या बसस्टँडमागच्या आमच्या रस्त्यावर एका माणसासाठी सगळी दुकानं अशी मिटलेली मी आजवर पाहिली नव्हती. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. रस्ता पुन्हा सुरू झाला आहे, पण त्या बाईनं आमच्याकडून काय करून घेतलं ते कुठंतरी सांगून ठेवावं असं वाटतं.

कुसुमताई मेश्राम खानावळ चालवायच्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि झणझणीत झुणका यांवर त्यांनी संसार ओढला. एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, बाजारात कापूस घेऊन आलेले लोक आणि आमच्यासारखे आजूबाजूचे दुकानदार त्यांच्याकडे जेवायचे. हाताखाली बाया मोजक्याच, त्यांतली सुनीता सगळ्यांत जुनी. याच सुनीताला पोटात कळा येत होत्या आणि कोणालाच ते ठाऊक नव्हतं. कळ आली की ती मागच्या मोरीकडे जाऊन बसायची, ओसरली की परत येऊन भाकरी थापायची. एका दुपारी ती चुलीपुढंच कोसळली. आम्ही माझ्या शेजाऱ्याच्या गाडीत घालून तिला यवतमाळला सरकारी दवाखान्यात नेलं. पित्ताशयातले खडे पार चिघळले होते. आणखी थोडा उशीर झाला असता तर वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले. ती शुद्धीवर आल्यावर कुसुमताईंनी तिला विचारलं, "काहून सांगतलं नाही व मले?" सुनीता छताकडे पाहत म्हणाली, "सांगतलं असतं तं दवाखाना अन् त्याचा खर्च आला असता, ताई."

परतताना एसटीत कुसुमताई खिडकीबाहेर पाहत होत्या. म्हणाल्या, "माह्या चुलीपाशी बाई मरून राह्यली होती अन् मी तिले भाकर जाड झाली म्हणून बोलत होती."

सरकारी योजनेचा आधार आमच्याकडे पुष्कळांना मिळतो, नाही असं नाही. पण कुणाचं कार्डावरचं नाव चुकलेलं असतं, तर कधी घाईनं नेलेला दवाखाना त्या योजनेत नसतो. कुसुमताईंनी आपल्या बायांचा खाजगी विमा काढायचं ठरवलं आणि चौकशीला यवतमाळची विमा कंपनीची कचेरी गाठली. घरोघरचा वेगळा विमा कुणालाच झेपणारा नव्हता. सगळ्यांचा मिळून एक घेतला तर परवडेल, असं तिथल्या माणसानं सांगितलं. पण खानावळीतल्या मूठभर बायांचा गट होत नाही, आणि नुसत्या विम्यासाठी जमवलेला गट चालत नाही. आधीपासून काहीतरी काम करणारी संघटना हवी. त्या परत आल्या त्या थेट माझ्या दुकानात. स्टुलावर बसून म्हणाल्या, "प्रकाश, आपल्याले माणसं जमा करा लागते." या रस्त्यावरची माणसं कधी गणपतीच्या मंडपावरही एकमत झालेली नाहीत, असं मी म्हणालो. त्या हसल्या. "मंडपात कोणाच्या पोटात दुखत नाही," म्हणाल्या.

त्यानंतर जेवणाची गर्दी सरली की कुसुमताई पदर खोचून दुकान-दुकान फिरू लागल्या. आधी विम्याचा विषयच नव्हता. तुंबलेली नाली, प्यायच्या पाण्याची टाकी, रस्त्यावरचे बंद दिवे अशी कामं घेऊन आम्ही छोट्या दुकानदारांचा संघ उभा केला आणि रीतसर नोंदवला. त्यात वर्षाहून अधिक काळ गेला. मग त्यांनी विम्याचा विषय काढला आणि खरी ओढाताण सुरू झाली. बिमारी येईल तेव्हा पाहू, असं निम्मे लोक म्हणाले. बैठकीत कापडाच्या दुकानाचे मालक म्हणाले, कामगाराचा विमा मी भरायचा आणि उद्या तो दुसरीकडे गेला तर? कुसुमताई शांतपणे म्हणाल्या, "जाईल तं आपल्या पायानं जाईल, भाऊ. तिरडीवर तं नाही जाणार." मग काहींनी मधला मार्ग काढला की निदान सुरुवातीला फक्त मालकांचा विमा घेऊ. त्या उठल्याच. मालक आणि कामगार एकाच विम्यात, दोघांच्या घरची माणसंही त्यात, नाहीतर माझं नाव काढा, असं त्यांनी सांगितलं. शेवटी कामगारांचा बराचसा वाटा मालकांनी उचलायचा ठरला. कापडवालेही आले, जरा उशिरानं.

पहिलाच मोठा दावा वेल्डिंगवाल्या रफिकच्या बायकोच्या ऑपरेशनचा होता आणि कंपनीनं तो नाकारला. जुना आजार लपवला, असं कारण दिलं. विरोधात असलेल्यांना आयतंच सापडलं. रफिक तर हात टेकून बसला होता. कुसुमताई त्याला घेऊन डॉक्टरांकडे, कंपनीच्या कचेरीत, तिथून वर तक्रार करायला जात राहिल्या. मी एकदा सोबत होतो. कचेरीतल्या साहेबांना त्या म्हणाल्या, "साहेब, आजार लपवणारी बाई मी पाह्यली आहे. ती तुमच्यापासून नाही लपवत, घरच्यापासून लपवते. ह्या बाईनं तं कळ आली त्याच दिवशी डॉक्टर गाठला." महिने गेले, पण दावा मंजूर झाला. त्या वर्षी संघात आली तितकी दुकानं आधी कधी आली नव्हती.

आणि मग त्यांच्याच हृदयानं दगा दिला. विम्यातून उपचार झाले, चांगले झाले, तरी त्या वाचल्या नाहीत. विमा माणसाला अमर करत नाही… पण तेराव्यालाही कुणी उपचारांच्या खर्चाचा विषय काढला नाही. आनंद मला म्हणाला, "काका, डॉक्टर काही सांगे तं आम्ही आईच्या तोंडाकडं पाहत होतो. पैशापायी एकमेकाच्या तोंडाकडं नाही." मला वाटतं, कुसुमताईंनी एवढंच मागितलं होतं, सगळ्यांसाठी.

विम्याच्या नूतनीकरणाची वेळ आता जवळ आली आहे. हप्ता वाढला आहे. ताई नाहीत, आता संघ टिकत नाही, असं काही जण बोलतात. मी बोलणाऱ्यांशी वाद घालत नाही. दुपारी मोटार बाजूला ठेवतो, हात धुतो आणि पहिल्या दुकानापासून सुरुवात करतो. कोणी नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो.

खानावळ आता सुनीता पाहते. परवा सकाळी मी चहाला गेलो होतो. चूल पेटवायच्या आधी प्रत्येक बाईला "काही दुखून तं नाही राह्यलं?" असं विचारायची ताईंची पद्धत तिनं चालू ठेवली आहे. नव्यानं कामाला लागलेली एक पोरगी मान हलवून नाही म्हणाली. सुनीता जागची हलली नाही, तिच्याकडे बघत राहिली. मग पोरगी हळूच म्हणाली, "थोडं पाठीत…" सुनीतानं हातातली काडीपेटी खाली ठेवली आणि तिच्याजवळ जाऊन बसली. "सांग," म्हणाली.