तट्टांच्या पुलाचे गवंडीआबा

गवंडीआबांच्या सदऱ्याच्या खिशात कायम पिंपळाची दोन-चार रोपं असायची. पुलाच्या दगडांच्या फटीत पाखरांनी पेरलेली. पूल पोखरणारा पिंपळ मुळासकट उपटल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि उपटलेला पिंपळ फेकून द्यायला मन होत नसे. मग ते ओल्या फडक्यात गुंडाळून रोपं खिशात ठेवत आणि सवडीने गायरानात नेऊन लावत. सदरे धुताना त्यांच्या सुना वैतागायच्या. आज आमच्या गायरानात जेवढी म्हणून सावली आहे, तेवढी या खिशातून गेलेली आहे.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, शेळगावपासून फार लांब नाही. गावाखाली ओढा आहे आणि ओढ्यावर एका कमानीचा दगडी पूल होता, तट्टांचा पूल. गाड्या येण्याआधी मीठ, धान्य, गूळ गोण्यांत भरून तट्टांच्या पाठीवर लादून याच वाटेने जायचं, एवढाच त्याचा इतिहास गावाला ठाऊक. कुणी बांधला, कधी बांधला, याचा कागद कुठेही नाही. उसाचे ट्रॅक्टर वरच्या नव्या पुलावरून जातात; या पुलावरून बाया रानात जायच्या आणि मेंढरं चरायला. आबांच्या घरात आजोबांपासून गवंडीकाम आणि आजोबांपासूनच या पुलाची डागडुजी. ती त्यांना कुणी सांगितलेली नव्हती आणि त्याबद्दल कुणी विचारतही नव्हतं. मी या गावची सून. पुढे पाच वर्षं सरपंच होते, आणि हे सगळं त्या पाच वर्षांमुळेच लिहावं लागतंय.

नवी नवरी होते तेव्हा मला त्या पुलाचा रागच आला होता. कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. एखादं पोर पडलं म्हणजे, असं मी आबांना ऐकवलं. ते म्हणाले, दोन्ही हात बाजूला पसरून चाला बघू. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बाया हसत होत्या आणि मी हात पसरून पुलावरून निघाले. माझे हात दोन्ही बाजूंनी कठड्यावरून बाहेर गेले. "हे हात म्हंजी गोन्या," आबा म्हणाले. "कठडा उंच असता तर गोन्या घासल्या असत्या. ह्यो मानसाच्या मापाचा न्हाय, तट्टाच्या मापाचा हाय. बांधनाऱ्यानं आधी जनावर बघितलं." पुढे गावात कुणीही पाहुणा आला, की आबा त्याला हात पसरून चालवायचे. आमच्या एका जावईबापूंनी सुटाबुटात चालून दाखवलं आहे.

घरामागे त्यांचं चुन्याचं टाकं होतं. भाजलेली चुनखडी पाण्यात विझवायची आणि महिनोन्‌महिने मुरत ठेवायची. आबा लोणच्यासारखा चुना घालतात, अशी चेष्टा चालायची. कामाला घेताना ते त्यात वाळू, गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा घालत. चुना झाला की नाही हे पाहायला चिमूटभर जिभेला लावत आणि बहुतेक वेळा मान हलवून म्हणत, "अजून न्हाय."

मला 'अजून नाही' ऐकायची सवय नव्हती. सरपंच झाले तेव्हा काहीतरी करून दाखवायची नुसती घाई होती अंगात. पुलाच्या जतनासाठी निधी मिळाला तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. काम मार्चच्या आत पुरं दाखवायचं होतं. ठरलं असं, की दगडांमधल्या सगळ्या दरजा, म्हणजे फटी, सिमेंटने भरायच्या, वर काँक्रीट घालायचं आणि कठडा कमरेएवढा उंच करायचा. आबांनी चुन्यात काम करायला दिवाळीपर्यंत मुदत मागितली. ग्रामसभेत उभे राहून ते म्हणाले, "बाई, पानी आत जानारच. पूल ते दरजातनं बाहेर सोडतो. तुमी समद्या दरजा बुजवल्या तर त्यानं जायचं कुठनं?"

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आबा, तुमचा काळ गेला आता." लोक हसले. आबांनी टोपी नीट केली आणि खाली बसले.

त्यांनी रुसून घरी बसायला हवं होतं. पण काम झाल्यावर ठेकेदाराची माणसं निघून गेली आणि सिमेंटवर पाणी मारायला कुणी उरलं नाही, तेव्हा आबा रोज सकाळ-संध्याकाळ ओढ्यातून घागर भरून पाणी मारत राहिले. तुम्हाला तर हे काम पसंत नव्हतं, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "कुनाचं का आसंना, काम तहानेलं ठिवू न्हाय." मला ते गमतीचं वाटलं. मी घरी येऊन सांगितलंसुद्धा हसत हसत.

दुसऱ्या पावसाळ्यात पुलाची एक बाजू फुगली. आबांनी ओळंबा सोडून मला फुगवटा दाखवला. मी बांधकाम खात्याच्या साहेबांना कळवते म्हटलं, कळवलंही. साहेब यायच्या आत परतीच्या पावसात ती बाजू पोटातल्या पाण्यासकट फुटली आणि तिच्यामागून कमान गेली. सकाळची वेळ होती, पुलावर कुणी नव्हतं. कुणी मेलं नाही, एवढं एकच माझ्या नशिबी चांगलं.

आबा ओढ्यात उतरले. पाणी ओसरलं तसा एकेक दगड काढून, धुऊन, काठावर रांगेने लावू लागले. मोठ्या दगडांना गावातली माणसं हात लावायची, पण जागा आबाच सांगायचे. प्रत्येक दगडावर गेरूने काहीतरी खूण करायचे. लिहिता येत नव्हतं, त्यामुळे रेघा, टिपके, कुठे चंद्रकोर. कोणता दगड कमानीत कुठे होता हे जगात त्यांनाच माहीत होतं. मी त्या दिवसांत रानात जायची वाट बदलली. माफी मागायला उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करत पुढचा पावसाळा तोंडावर आला. माझी सरपंचकीही तोवर संपली होती. पुण्याच्या एका जुन्या बांधकामांच्या जाणकार बाईंना मात्र मी पत्रं पाठवत राहिले. दगडांची जागा सांगणारं माणूस असेल तर पूल पुन्हा उभा राहील, असं त्यांनी कळवलं. ते पत्र हातात घेऊन मी शेवटी आबांच्या घरी गेले.

आबा खाटेवर होते. धाप लागत होती. मला पाहून उठून बसायला लागले. मी पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुमी येईना, तर मला वाटलं माझा राग हाय तुमाला. मी तवा चारचौघात बोलाय नगं हुतं."

मला तेव्हा बोलता आलं असतं. नाही बोलले. माफी मागायला गेलेली मी चहा पिऊन आले. उद्याच मला ट्रॉलीत घालून ओढ्यावर न्या, एकेका दगडाचं सांगतो, असं ते म्हणत होते. मी म्हटलं, आधी बरे व्हा, आठ दिवसांनी जाऊ. घाई करू नका, असंही म्हटलं. मी, त्यांना.

पाचव्या दिवशी आबा गेले.

पुण्याच्या बाई पुढच्या महिन्यात आल्या. काठावरच्या दगडांच्या रांगांमधून त्या वाकून वाकून फिरल्या. इतकं व्यवस्थित काम आपण पाहिलं नाही म्हणाल्या. मग एका दगडावरच्या चंद्रकोरीवर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, याचा अर्थ काय?

मी म्हटलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.