ज्या महिन्यात ज्याच्याकडं जेवण

“म्हणजे मॅडम, ज्याच्या घरी जेवण त्याच्या बाजूनं साक्ष, असं तुमचं म्हणणं?”

न्यायमूर्तींनी हे मराठीत विचारलं. तोवर सगळं इंग्रजीत चाललं होतं. मी म्हटलं, “होय, माय लॉर्ड.” मागच्या बाकावर कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आता तुम्हाला सांगते, भानगड काय होती. वडूजच्या बाजूचं कोरडवाहू गाव. दोन भाऊ, एक विहीर. थोरला दत्ता फौजेतून रिटायर होऊन आला आणि विहिरीच्या पाण्याच्या वाटणीवरून धाकट्या हणमंताशी त्याची रोजची कुरबुर सुरू झाली. एका संध्याकाळी विहिरीवरच हाणामारी झाली. डोक्यात खोरं बसून दत्ता गेला. सेशन्स कोर्टानं हणमंताला खुनाच्या गुन्ह्याखाली जन्मठेप दिली. त्यावरचं अपील माझ्याकडं आलं. मी साताऱ्यातली जुनी वकील. खरं सांगायचं तर वकिली मी कॉलेजात कमी शिकले आणि आमच्या सीनियर वकील सरांच्या ऑफिसात टाइपरायटर बडवता बडवता जास्त.

अपिलात नवीन साक्षी होत नाहीत बरं का. खालच्या कोर्टातल्या साक्षी, पंचनामे सगळं एकत्र बांधतात, त्याला पेपरबुक म्हणतात. भांडायचं ते त्याच्यावरून. आणि त्या पेपरबुकात डोळ्यांनी पाहिलेली साक्षीदार एकच होती, ताराबाई. दोघांची आई.

हणमंताची बायको शोभा माझ्या ऑफिसात येऊन बसली. म्हणाली, “मॅडम, निर्दोष सुटाय पायजेल. अर्धंमुर्धं नगं.”

“अगं, पण सासूनं डोळ्यांनी पाहिलंय.”

“आवं, त्या महिन्यात आत्याबाई थोरल्यांच्यात जेवत हुत्या! एक महिना त्यांच्यात, एक महिना आमच्यात, अशी वाटणी हाय. मग मीठ कुणाचं खाल्लं तवा? खाल्ल्या मिठाला जागली म्हातारी.”

मला तर हर्षच झाला. आमच्याकडं याला ‘इंटरेस्टेड विटनेस’ म्हणतात, म्हणजे ज्याचा एका बाजूशी हितसंबंध आहे असा साक्षीदार. एकुलती एक साक्षीदार, तिलाच पाडलं की केस संपली.

ताराबाईंच्या साक्षीत आणखीही एक गोष्ट होती. “थोरल्यानं आधी खोरं उगारलं. धाकट्यानं ते हिसकावून घेतलं आन एकदाच घातलं. मग त्यानंच त्येचं डोकं मांडीवर घेतलं.” यावरून खून नाही, रागाच्या भरातला मनुष्यवध, असा दुसरा मुद्दा निघत होता. शिक्षा कमी होते त्यात. पण पहिला मुद्दा म्हणणार म्हातारी खोटी, दुसरा म्हणणार म्हातारी खरी. म्हणून दुसरा मी शेवटी तोंडी लावण्यापुरता ठेवला.

पूर्वी अपिलं मुंबईला हायकोर्टात चालायची. गावाकडचं माणूस तिथवर क्वचितच पोचायचं. वकील साक्षीदाराला काय काय म्हणतो, ते त्याच्या कानावर जायचंच नाही. आता हायकोर्ट कोल्हापुरातही बसतं, आमची अपिलं तिथंच चालतात. सकाळच्या एसटीत बसलं की माणूस कोर्टात हजर.

त्या दिवशी सकाळी पहिला मुद्दा मांडून मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले, तर व्हरांड्यात एक वाळकी, उंच म्हातारी उभी. डोक्यावर पदर, हातात पिशवी. शोभा तिच्यापासून चार हात लांब, तोंड फिरवून.

“तुमीच हणमाच्या वकील न्हवं?”

“होय. आपण?”

“मी त्येची आय.”

इतके दिवस हिची साक्ष मी उलटीपालटी करत होते, आणि बाई समोर आली तर ओळखली नाही.

“बाई,” ती म्हणाली, “मी भाकरीसाठी बोलले व्हय?”

मी म्हटलं, “मावशी, ते कोर्टातलं बोलणं असतं. तसं बोलावं लागतं.”

“लागत असंल. पर पुढल्या महिन्यात झालं असतं, तर मी हणमाकडं जेवत असते. मग काय दुसरं दिसलं असतं का मला?”

वकिलाला एरवी उत्तर सुचतंच हो. मी म्हटलं, “चहा घेता का?” लाज वाटते सांगायला, पण एवढंच सुचलं.

“नगं. मी बोलले त्येतलं थोरल्यानं आधी उगारलं, ते सांगितलंसा का सायबास्नी?”

“सांगणार आहे.”

“अजून न्हाई?” ती माझ्याकडं बघत राहिली. “मी तेच ऐकाय आले हुते.”

दुपारी मी उभी राहिले आणि नुसता दुसरा मुद्दा मांडला. नीट, सावकाश, तिच्याच शब्दांत. पहिल्याबद्दल विचारलं तेव्हा म्हटलं, “त्यावर मी जोर देत नाही.” शोभानं डोक्याला हात लावला.

न्यायमूर्तींनी तिथंच निकाल सांगितला. आई दोन्ही मुलांची आहे, खोटं बोलून तिचा काहीच फायदा नाही, तिची साक्ष पूर्ण खरी धरतो. आणि पूर्ण खरी धरायची, तर थोरल्यानं आधी हत्यार उगारलं हेही खरं. म्हणून खून नाही, मनुष्यवध. भोगली तेवढी शिक्षा पुरे.

हणमंत सुटला. मी सोडवला म्हणायची सोय नव्हती.

शोभा रडत म्हातारीकडं गेली. “आत्याबाई, चला आता घरला. आमच्यात चला.”

“न्हाई गं. हा महिना थोरल्या सुनंचा हाय. ती वाट बघत असंल. एक तारखेला येते तुमच्यात. तवर हणमाला म्हणावं, थोरलीच्या दारात जाऊन ये. मी तिथंच आसन.”

मग माझ्याकडं वळून म्हणाली, “येते बाई.” रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

शोभानं नंतर पेढे आणून दिले. ऑफिसात वाटले. मी काही खाल्ला नाही.

यातून शिकले एवढंच, की साक्ष पाडायची कशी हे बघण्याआधी ती एकदा सरळ वाचून काढावी. बऱ्याचदा आपल्या कामाचं त्यातच असतं. आणि साक्षीदाराला मागच्या बाकावर बसवून म्हणता येणार नाही ते कोर्टात म्हणू नये. हल्ली मी उभं राहण्याआधी मागं वळून बघते.