तळ्याचा नारळ

"पाण्यार रिकाम्या हातान जाव नये," असं म्हणत तो नारळ कानाशी धरून हलवायचा. आत पाणी वाजलं की खूश. मालवणच्या बंदरात पर्यटकांना फिरवणाऱ्या होडीचा तो तांडेल, मी तिथल्याच शाळेतला मास्तर. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, ज्याच्या होडीत पोहता न येणाराही निर्धास्त बसतो.

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की तांडेल रिकामा. आमचा डोंगर चढणाऱ्यांचा गट लडाखला निघाला, तेव्हा तोही आला. डोंगरांत त्याला काडीचा रस नव्हता. तिथे उंचावर एक खारं तळं आहे, एवढंच मी बोललो होतो.

"डोंगरार खारा पाणी? ता माका बघूकच व्हया!"

आगगाडीत त्याने तळ्यासाठीचा नारळ मांडीवर सांभाळला. पुढे लडाखात वाळवंट लागलं, तर कपाळाला हात लावून म्हणाला, "वाळू आसा, पण दर्या खंय?"

तळं दोन तासांवर असताना खिंडीत माझा श्वास अडकला. ओठ निळे पडले, स्वतःचं नाव आठवेना. आमच्या दोन गाड्या होत्या. एक मला घेऊन खाली फिरणार होती, दुसरी पुढे तळ्याकडे. तांडेल पुढच्या गाडीत होता. तो नारळासकट उतरला आणि माझ्या शेजारी येऊन बसला.

वाटेत त्याने देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या मास्तराक सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!" पण गाऱ्हाण्याला साथ देत 'व्हय म्हाराजा' म्हणायला गाडीत कोणी नाही. मग त्याने लडाखी ड्रायव्हरलाच ते शिकवलं. तो बिचारा प्रत्येक वळणावर ओरडत होता, "व्हय म्हाराजा!"

दोन दिवसांनी लेहच्या दवाखान्यात मी उठून बसलो. नारळ त्याने सिंधू नदीत सोडला होता.

"तळं राहिलं हो तुमचं," मी म्हटलं.

"तळा खंय जातला? तुमीच जावक निघाललास."

पुढच्या वर्षी त्याला नेणार होतो. त्याआधीच, होडी धुता धुता तो गेला. मी आज आहे तो त्याच्यामुळे, हे मी भेटेल त्याला सांगतो.

यंदा डॉक्टरांना विचारून, वाटेत थांबत थांबत पुन्हा गेलो. मुद्दाम तोच ड्रायव्हर घेतला. तळ्याकाठी नारळ कानाशी हलवला, पाण्यात सोडला, बोट बुडवून चाखलं. खारट होतं.

गाऱ्हाणं मला कधी जमलं नाही. "बा देवा म्हाराजा, आमच्या तांडेलाचो ह्यो नारळ..." एवढंच म्हटलं.

मागून ड्रायव्हर हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा."