मायाक्काच्या माळावरचा रानतीळ

३१ ऑक्टोबर २०२२. रुपये आठ हजार चारशे पन्नास. मायाक्काच्या त्या महिन्याच्या मजुरीची ही रक्कम पाकिटात घालून मी जेवण झाल्यावर सोलापुरातून निघालो. कॉलेजच्या जीपमध्ये पुढे ड्रायव्हर बसू आणि मागे वनस्पतिशास्त्राच्या प्रियदर्शनी मॅडम होत्या. मी लेखा विभागातला. मायाक्काचं बँक खातं बंद पडलं होतं, त्यामुळे सांगोल्याच्या पुढे तिच्या माळावर जाऊन रोख पैसे देण्याचं काम माझ्याकडे होतं.

मायाक्का साठीला टेकलेली. निम्मं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलं. नवरा गेला, गुडघे धरले, तशी ती दोन शेळ्या घेऊन या मुरमाड तुकड्यावर येऊन राहिली. कॉलेजने तोच तुकडा प्रयोगासाठी भाड्याने घेतला आणि राखणीला तिलाच ठेवलं.

प्रयोग रानतिळाचा होता. हे रोप माळावर उगवतं, तसंच जेऊरकडे उजनीच्या पाण्याकाठी गाळातही उगवतं. माळावरचं बुटकं, खोल मुळ्यांचं, लवकर फुलून मोकळं होणारं. काठावरचं उंच, रुंद पानांचं, उशिरा फुलणारं. हा फरक जागेमुळे पडतो की बियातच असतो, हे पाहायला मॅडमनी बियाण्याची अदलाबदल करून दोन्हीकडे पेरणी केली. माळावर काठाची रोपं सुकली, काठावर माळाची कुजली. म्हणजे फरक बियात होता, पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला.

पहिल्या वर्षी काठाची रोपं सुकताना पाहून मायाक्काने घागर उचलली होती. मॅडमनी हात धरला, तेव्हा ती म्हणाली, "मरायलाच लावली हुय गं ही? कसलं शिक्षान म्हनायचं ह्ये." पण पुन्हा तिने पाणी घातलं नाही.

खरा प्रश्न पुढचा होता. दोघांच्या फुलण्याच्या वेळा वेगळ्या, त्यामुळे माशा एकाचा पराग दुसऱ्यावर नेतच नाहीत. मॅडमनी पेरणी मागेपुढे करून, ब्रशने पराग लावून दोघांचा संकर केला. त्या संकराची रोपं माळावर वाढली, फुलली, पण बोंडं पोकळ. फक्त तीन रोपांवर भरलेली बोंडं धरली. ते बी उगवतं का आणि पुढे नांदतं का, यावर मॅडमची चार वर्षं अडली होती. मार्चमध्ये अनुदान संपणार होतं, संकर पुन्हा करायला वेळ नव्हता. बोंडं अजून हिरवी होती. आत्ता तोडली तर बी फुकट जाणार, म्हणून त्यांवर कापडी पिशव्या बांधून पिवळी पडायची वाट पाहणं चाललं होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. जीप आत घ्यायला बसूने काटेरी कुंपणाची झापी बाजूला ओढली. मी बाजेवर बसून पैसे मोजून दिले. मायाक्का अंगठा उठवत होती, तेवढ्यात टेकाडाआडून घंटा वाजली. तिचा हात तिथेच थांबला.

"बिरुदेव आला," ती म्हणाली.

बिरुदेव तिचा धाकटा भाऊ. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचा आणि पहिला तळ बहिणीच्या माळावर टाकायचा, ही त्यांच्या घरची रीत. गेल्या तीन वर्षी त्याने दुसरी वाट धरली होती. यंदा त्या वाटेवर ज्वारी उभी होती.

"आक्का, च्या ठेव," तो लांबूनच म्हणाला. "सायेब लोकांना पन घाल. मेंढरं बसवतो आन्‌ येतो."

"हितं न्हाय बसवायची. वढ्याकडं ने."

"वढ्याकडं? तितं लांडगं हायत."

"मग खाली मारुतीपाशी ने. हितं रोपं हायत."

बिरुदेवने कुंपणाआत पाहिलं. "ही रोपं? तिळाला मेंढरू तोंड लावत न्हाय, ठावं हाय की तुला. दोन पैकं मिळाय लागलं तर भावाचा तळ जड झाला व्हय?"

"तोंड लावत न्हाईत, पर खूर हायत की."

"पयला तळ चुकला तर आई वरनं काय म्हनंल?"

"आईला मी सांगीन. तू मेंढरं वळव."

दोघं असं बोलत असताना मेंढरं थांबली नव्हती. त्यांना ती जागा माहीत होती. पुढचं घंटेचं मेंढरू वर्षानुवर्षं बसलेल्या जागेकडे सरळ निघालं आणि झापी उघडीच होती. ते आत शिरलं तसा सगळा कळप त्यामागे लागला.

बसू जीपकडे धावला. "हॉर्न वाजवू नका," मॅडम म्हणाल्या. मेंढरं बिथरली असती तर काहीच उरलं नसतं. मॅडम आत जाऊ पाहत होत्या, पण कळपाने वाट भरून टाकली होती. पिशव्या बांधलेल्या तीनपैकी पहिली दोन रोपं धुळीत आडवी होताना मी पाहिली.

मायाक्का झापीकडे गेलीच नाही. बाजूच्या कुंपणातून काटे अंगावर घेत घुसली, खांद्यावरची घोंगडी तिसऱ्या रोपाभोवती गुंडाळली आणि त्यावर ओणवी झाली. मेंढरं तिच्या दोन्ही अंगांनी जात होती. एक तिच्या पाठीवर चढलं. ती मान खाली घालून बसून राहिली.

बिरुदेवला ते दिसलं. काठी टाकून तो मेंढरांतून आत घुसला, घंटेच्या मेंढराला मिठी मारून खाली दाबलं आणि जिभेने टकटक आवाज काढत राहिला. कळप हळूहळू थबकला. मग वळायला लागला.

"उठ," तो बहिणीला म्हणाला. "एका रोपासाठी मरतीस व्हय?"

"मेंढरं बाहीर काड आदी."

त्याने चहा घेतला नाही. कळप घेऊन खाली उतरला.

तिसरं रोप वाकलं होतं, मोडलं नव्हतं. आठवड्याने त्यावरचं चिमटीभर बी मॅडमच्या हातात आलं.

अनुदान संपलं होतं, तरी पुढच्या पावसाळ्यात मॅडमनी ते दोन्हीकडे पेरलं. काठावर सगळी रोपं कुजली. माळावर एकच तगलं. ते फुललं, पण त्याच्या शेजारी फुलायला कोणी नव्हतं. माळाची रोपं फुलून गेली होती, काठाची अजून फुलायची होती. मॅडमनी त्याचाच पराग त्याला लावून पाहिला. बोंडं धरली, सगळी पोकळ.

मायाक्काने एक बोंड नखाने चिरलं आणि मॅडमपुढे धरलं. "आत कायबी न्हाय. उगाच मेंढरं अंगावर घेतली म्या."

"उगाच नाही, मावशी. हेच पाहायचं होतं. ही दोन वेगळी कुळं व्हायला लागलीत. मधली वाट बंद होत चाललीय. ते एक रोप गेलं असतं, तर मला हे छातीठोक सांगता आलं नसतं."

मायाक्काने बोंड पुन्हा उलटून पाहिलं. "मग भावाला सांगा हे. मला न्हाय जमायचं."

मॅडम सांगायला गेल्या होत्या. बिरुदेवने ऐकून घेतलं आणि मॅडमनी मेंढरं बरी आहेत का विचारल्यावर बरी आहेत म्हणाला. त्याचा पहिला तळ आता मारुतीपाशी पडतो. भाऊबिजेला मात्र तो येतो.

मी येत्या जूनमध्ये निवृत्त होतो आहे. त्या दिवशी मायाक्काच्या घोंगडीच्या फाटून चिंध्या झाल्या, ती कॉलेज भरून देईल असं मॅडमनी कबूल केलं होतं. अनुदानात त्यासाठी खर्चाचं शीर्ष नव्हतं. घोंगडीचे सातशे रुपये मायाक्काला द्यायचे राहिले आहेत.