रुमालाखालचा भाव

इतकी वर्षं मी हे सांगायचं टाळलं. लातूर नवा जिल्हा झाला होता, दुष्काळ होता आणि माझ्या अडत दुकानात माल येईना. बाजारात व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत. रिकामा बसलेला माझा हमाल स्वतःच्याच हातावर रुमाल टाकून म्हणायचा, "बोला मालक, ह्या मालाला काय देता? हाडं लई हायत, पण भेसळ न्हाई." मी पोट धरून हसायचो.

उद्यापासून येऊ नको म्हणालो, तेव्हाही त्यानं हातावर रुमाल टाकला. "शेवटचा सौदा, मालक. बोट तरी लावा." मी खिशातला हात काढला नाही. "माल पडून राहिला म्हणायचा," असं म्हणून तो एकटाच हसला.

पुढे माफी मागायला मी त्याच्या गल्लीत गेलो. ओट्यावर तो चारचौघांना हसवत होता. ते माझ्यावरच हसत असतील असं वाटून मी मागे फिरलो, तो कायमचाच.